ऊन आणि ऋण

मनुष्य जेथे राबतो तेथेच राहतो, हा समज शेतीइतका जुना आहे. गिरण्या आणि कचेऱ्यांच्या काळातही तो फारसा ढळला नाही. २०२० च्या महासाथीनंतर मात्र अनेकांचे काम संगणकाच्या पडद्यावर राहिले आणि देह हवा तेथे जाण्यास मोकळा झाला. यांपैकी पुष्कळांनी लिस्बन गाठले. समुद्राजवळ नदीमुखाशी वसलेल्या या शहराला युरोपातील इतर राजधान्यांच्या मानाने भरपूर ऊन लाभते. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस पोर्तुगालने अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. उत्पन्न देशाबाहेरून येणारे आणि देशातील किमान वेतनाच्या निदान चौपट असावे, ही त्याची अट.

नैतिक प्रश्न या अटीतच दडलेला आहे. उन्हाला भाडे नसते. उन्हातल्या घराला असते. १७५५ च्या भूकंपातून बचावलेल्या आल्फामाच्या अरुंद गल्लीत चौपट मिळकतीचा भाडेकरू आला, की किमान वेतनावर जगणाऱ्या शेजाऱ्याचे घर डळमळू लागते. भाडेवाढीला पर्यटन, २०१२ चा भाडेकायदा अशी इतरही कारणे आहेत. परंतु १ एप्रिल २०२३ रोजी हजारो लोक घराच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा या नव्या रहिवाशालाही स्वतःकडे पाहणे भाग होते.

तो म्हणेल, मागितले तेवढे भाडे मी दिले. कोणाचे काही हिरावले नाही. हे खरेच आहे. मग त्याने येऊच नये काय? तसेही म्हणता येत नाही. १९६० च्या दशकात लाखो पोर्तुगीज पोटासाठी फ्रान्सला गेले होते. भेद आहे तो वेगळाच. पॅरिसमध्ये इमारती बांधणारा पोर्तुगीज मजूर त्या शहराच्या भरभराटीशी आणि मंदीशी बांधलेला होता. दूरस्थ कामगाराची रोजी मात्र अन्यत्र असते. शहराचे सुख तो भोगतो, त्याच्या नशिबात वाटेकरी होत नाही.

येथे भारतीय परंपरेतील ऋणाची कल्पना उपयोगी पडते. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे; ते फेडायचे माणसांना आसरा आणि अन्न देऊन. ज्याच्या येण्याने नकळत दुसऱ्याचा आसरा जातो, त्याचे हे ऋण केवळ भाडे चुकवून फिटत नाही. शेजाऱ्याची भाषा शिकणे, अवाच्या सव्वा भाडे देण्यास नकार देणे, घरांच्या मागणीत त्याच्या बाजूने उभे राहणे, एवढे तरी त्याच्या हाती असते. त्याने शहर पूर्णतः वाचेलच असे नाही. परंतु शेजाऱ्याला घर सोडावे लागले, तर ते कोणी सोडले आणि तो कोठे गेला, हे त्याला ठाऊक असावे. ज्याला तेही ठाऊक नसते, तो तेथे कितीही वर्षे राहिला तरी त्या शहराचा रहिवासी ठरत नाही.