पाटीवरची अक्षरे

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहावरून मी महिनाभर इंग्लंडला जाऊन आलो. हा भाचा पेशाने इंजिनियर; पण त्याला वेड आहे ते अक्षरांचे. कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद असतो, कोणाला जुन्या नाण्यांचा. याला रस्त्यावरच्या पाट्यांचा! लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाताना एक भलीमोठी निळी पाटी मागे पडली आणि त्याने मला विचारले,

“मामा, आत्ता गेली ती पाटी वाचलीत का?”

“वाचली की. बर्मिंगहॅम सरळ, आणि डावीकडे कुठलेसे दुसरे गाव.”

“बरोबर. अक्षरे कशी होती?”

मी गप्प झालो. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, हजारो मुलांच्या अक्षरांना वळण लावले आणि चार क्षणांपूर्वी वाचलेल्या अक्षराचे रूप मला आठवेना. भाचा मात्र खूष झाला. “कोणालाच सांगता येत नाही, मामा. अक्षरे चांगली असल्याची हीच तर खूण!”

त्याच्या या वाक्याने मला पुढे फार दिवस छळले. ज्याने आपली कला पणाला लावून अक्षर घडवले त्याच्या वाट्याला हे यायचे, की त्याचे अक्षर कोणाच्या नजरेतच भरू नये? आणि तसे ते भरू नये यासाठीच त्याने झटावे? हा प्रश्न केवळ पाट्यांचा आहे असे मला वाटत नाही. पण आधी पाट्यांचीच हकीकत सांगतो, कारण ती मोठी मौजेची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात वेगवान गाड्यांसाठी स्वतंत्र महामार्ग बांधण्याची टूम निघाली. जुन्या रस्त्यांवरच्या पाट्या म्हणजे बारा गावच्या बारा तऱ्हा होत्या. ताशी वीस-तीस मैलांच्या वेगाला त्या चालून गेल्या. पण ताशी सत्तर मैलांनी जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३१ मीटर पुढे जाते. पाटी वाचायला तीन सेकंद लागले तर तेवढ्यात नव्वद मीटरांवर रस्ता चाकाखालून निघून गेलेला असतो. तेव्हा १९५७ साली सरकारने अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि समितीने हे काम जॉक किनीर या आरेखकाकडे सोपवले. गॅटविक विमानतळावरच्या पाट्या त्यानेच केल्या होत्या. त्याने मदतीला घेतले आपल्याच एका विद्यार्थिनीला, मार्गारेट कॅल्व्हर्टला. ५ डिसेंबर १९५८ रोजी प्रेस्टन शहराला वळसा घालणारा आठ मैलांचा रस्ता खुला झाला, तेव्हा या दोघांच्या पाट्या प्रथम उन्हापावसात उभ्या राहिल्या.

त्या कामातली एक गोष्ट मला विशेष आवडली. आधी पाटीचा आकार ठरवून मग त्यात मजकूर कोंबायचा, ही जगाची रीत. यांनी ती उलटी केली. आधी प्रवाशाला काय सांगायचे ते ठरले, ते किती अंतरावरून दिसले पाहिजे यावरून अक्षराची उंची ठरली, आणि त्याला लागेल तेवढी पाटी झाली. रात्री दिव्याच्या झोतात पांढरे अक्षर उजळून फुगल्यासारखे दिसते, म्हणून गडद पाटीवरचे पांढरे अक्षर किंचित सडपातळ केले आणि पांढऱ्या पाटीवरचे काळे अक्षर थोडे भरदार. इंग्रजीतले छोटे ‘एल’ म्हणजे नुसती उभी काठी. तिला त्यांनी खाली बारीकशी शेपटी दिली, म्हणजे मोठा ‘आय’ आणि एकाचा आकडा यांच्याशी तिची गल्लत होऊ नये. वाटसरूला ही शेपटी दिसतही नाही. पण ती आहे म्हणून त्याचा घोटाळा होत नाही.

आणि मग भांडण लागले. इंग्रज माणूस सहसा आवाज चढवीत नाही म्हणतात, पण अक्षरांवरून चढवतो! केंब्रिजमध्ये डेव्हिड किंडर्स्ली नावाचा दगडात अक्षरे कोरणारा कसबी कारागीर होता, एरिक गिलचा शिष्य. त्याचे म्हणणे असे, की गावाचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत, टोकांना कोरीव कंगोरे असलेल्या वळणात लिहावे. म्हणजे ते कमी जागेत मावते आणि लांबूनही वाचता येते. किनीरचे म्हणणे, की लहान लिपीतली काही अक्षरे वर डोकी काढतात, काही खाली पाय सोडतात. त्यामुळे प्रत्येक नावाला स्वतःची अशी बाह्याकृती येते आणि ते अक्षर अक्षर न लावता ओळखू येते. १९५९ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये या वादाची पत्रे छापून येऊ लागली.

शेवटी परीक्षा घेण्याचे ठरले. एका विमानतळाच्या मोकळ्या पटांगणात हवाई दलातले स्वयंसेवक पायऱ्यांच्या मंचावर ओळीने बसवले. मोटारीच्या टपावर पाटी बांधून ती मोटार त्यांच्याकडे यायची आणि कोणाला किती अंतरावरून नाव वाचता आले याची नोंद व्हायची. १९६१ साली निकाल लागला. सारख्याच क्षेत्रफळाच्या पाटीवर किंडर्स्लीची अक्षरे अगदी थोड्या फरकाने, सुमारे तीन टक्क्यांनी, सरस ठरली. आणि निवड झाली किनीर-कॅल्व्हर्ट यांच्या अक्षरांची! फरक क्षुल्लक आहे, तेव्हा दिसायला जे बरे ते घ्यावे, असा विचार झाला. वॉरबॉइज समितीच्या १९६३ सालच्या शिफारशींनंतर १ जानेवारी १९६५ पासून तीच पद्धत देशभरच्या रस्त्यांवर लागू झाली.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मी प्रथम किंडर्स्लीच्या बाजूने उभा राहिलो. परीक्षा घ्यायची आणि पहिला आलेल्याला घरी पाठवायचे, हा कुठला न्याय? पुढे विचार करताना वाटले, की प्रश्न इतका सोपा नाही. मोजपट्टी खोटे बोलत नाही हे खरे. पण काय मोजायचे हे माणूसच ठरवतो. अक्षरे मोजली, तर अक्षरांचा निकाल मिळाला. प्रवासी मात्र नुसती अक्षरे वाचत नाही; तो रंग पाहतो, बाण पाहतो, दोन अक्षरांमधली मोकळी जागासुद्धा त्याच्या उपयोगी पडते. ही सारी मांडणी किनीरने एकजीव केली होती. म्हणून निवड चुकली असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की परक्याच्या जिवाशी गाठ असलेल्या कामात सौंदर्याला मत द्यायचे झाले, तर ते उघडपणे द्यावे. सोयीच्या पदराआड लपून देऊ नये. आणि तीन टक्क्यांनी हरलेल्या हौशी माणसाने स्वतःला एकदा तरी विचारावे, की मी हे वळण वाटसरूसाठी मागतो आहे, की माझ्या प्रेमासाठी?

प्रेम कसे फसवते याचा दुसरा दाखला अमेरिकेतला. तिकडे महामार्गांवर जुने, ठोकळेबाज वळण चालत आले होते. वयस्कर चालकांना रात्री ते नीट वाचता येत नाही म्हणून ‘क्लिअरव्ह्यू’ नावाचे नवे वळण तयार झाले. २००४ साली सरकारने त्याला परवानगी दिली. कौतुकाचा पूर आला. अनेक राज्यांनी पाट्या बदलल्या. मग जानेवारी २०१६ मध्ये सरकारने परवानगी काढून घेतली! कारण असे दिले, की सुरुवातीला दिसलेला फायदा बराचसा अक्षरांचा नव्हताच. जुन्या, झिजलेल्या पाट्यांच्या जागी नव्या कोऱ्या, अधिक चकाकणाऱ्या पत्र्याच्या पाट्या आल्या होत्या. शिवाय पांढऱ्या पाटीवरच्या काळ्या मजकुराला हे वळण उलट कमीच मानवत होते. नव्या वळणाचे चाहते स्वस्थ बसले नाहीत, आणि २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने परवानगी पुन्हा देवविली.

वाचक भगिनींना यातले मर्म माझ्यापेक्षा लवकर कळेल. दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरची पितळी भांडी काढतात. एखादा काळवंडलेला जुना तांब्या बाजूला सारून दुकानातून नवा आणावा आणि “काय सुरेख घाट आहे याचा!” म्हणावे, घाट तोच, जुन्याला फक्त चिंच लावून घासायचे राहिलेले! आपल्या आवडीच्या नव्याची तुलना आपण नेहमी दुसऱ्याच्या झिजलेल्या जुन्याशी करतो. मतांच्या बाबतीत करतो, माणसांच्या बाबतीतही करतो.

आता आपली मराठी लिपी. तिच्यात मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे इंग्रजांचे ते भांडण आपल्याकडे नाही. वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, यांनी आपल्या शब्दाला बाह्याकृती आपोआप मिळते. पण आपलीही खोड आहे. भ आणि म, घ आणि ध यांत अंतर किती? शिरोरेषेतल्या एका लहानशा फटीचे. ती फट बुजली की नाव बदलले. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही.

मी विशीत असताना आमच्या गावच्या फाट्यावर पाटी लावायचे ठरले. गाव हमरस्त्यापासून तीन मैल आत. माझे अक्षर चांगले म्हणून काम माझ्याकडे आले. मी आठ दिवस खपलो. प्रत्येक अक्षराला सावली दिली, वेलांटीला वेलीसारखा वळसा दिला, काठाला नक्षी काढली. गावाच्या नावात भ होता. त्याची गाठ मी अशी फुलवली की पाहणाऱ्याने थांबून पाहावे. लोक थांबून पाहतही. मी सायकलवरून जाताना मुद्दाम वेग कमी करी.

त्याच पावसाळ्यात एका रात्री माझ्या वहिनीच्या बाळंतपणात अडचण आली. तालुक्याच्या डॉक्टरांना निरोप गेला. ते जीप घेऊन निघाले; पण घरी पोचले ते दोन तास उशिरा. फाट्यावरून पुढे सात मैल जाऊन, चौकशी करून परत आले होते. त्या दोन तासांत गावच्या सुईणीने जी शर्थ केली तिला तोड नाही; वहिनी आणि मूल दोघेही वाचली, पण थोडक्यात. पहाटे चहा घेताना डॉक्टर सहज म्हणाले, “तुमच्या फाट्यावरची पाटी फार सुंदर आहे हो. दिव्यात दिसली. वाचता मात्र आली नाही.”

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे डबे माझ्यापुढे ठेवले. बरोबर कंदील घेतला आणि आमच्या गड्याला घेतले. तो प्रौढ साक्षरतेच्या वर्गात नुकती अक्षरे लावायला शिकला होता, आणि त्याची नजरही अधू होती. मी एक अक्षर लिहायचे, दादांनी पाटीशी कंदील धरायचा, गड्याने मागे मागे जात ते वाचायचे. जिथे तो अडखळे तिथे दादा म्हणत, “पूस.” भ आम्ही चार वेळा पुसला. अखेर रात्री पाटी झाली तेव्हा ती अगदी साधी, काहीशी रुक्ष दिसत होती. दादा एवढेच म्हणाले, “ज्याला घाई आहे आणि ज्याला कमी दिसते, त्याच्यासाठी लिहावे. बाकीचे कसेही वाचतात.”

त्यानंतर ती पाटी पाहायला कोणी थांबले नाही. एस.टी.चे चालक, बैलगाडीवाले, पाहुणे, सारे बरोबर वळत राहिले. मला सुरुवातीला त्याचे वाईट वाटे, हे कबूल करतो. ते वाईट वाटणे जायला फार वर्षे लागली, आणि उरलेसुरले त्या निळ्या पाटीपाशी गेले असे आता वाटते.

पुष्कळ माणसे अशीच असतात. आपल्याला योग्य ठिकाणी वळवतात, आणि आपण इतक्या सहज वळतो की त्यांच्याकडे पाहण्याचे राहून जाते. दादांचे तसेच झाले. या दिवाळीत दारात पणत्या लावल्यावर, जिच्या उजेडात आपण उंबरा ओलांडतो त्या पणतीकडे क्षणभर वळून पाहावे, इतकेच मला सुचते.