पाठपुराव्याचा सत्कार कोण करणार?

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या खिजरी तलावाला आज सलीम अलींचे नाव आहे. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. पण सामान्य माणसाला निसर्ग समजावून सांगणारा त्यांच्या तोडीचा माणूस या देशात क्वचितच झाला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले, आणि पुढे अनेक वर्षे ते आकाशवाणीवरून पक्ष्यांबद्दल साध्या भाषेत बोलत राहिले. गेटी पुरस्काराची रक्कमही त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. अशा माणसाचे नाव मिरवणाऱ्या तलावातले सांडपाणी आणि जलपर्णी हा मात्र इथल्या दैनिकांचा वर्षानुवर्षांचा विषय आहे. हा तलाव राखला जावा म्हणून बातम्या देत राहिलेल्या एखाद्या वार्ताहराचा कुणी सत्कार केला आहे काय? माझ्या तरी पाहण्यात नाही.

पर्यावरणावर चांगले लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी आता पुरस्कार कमी नाहीत. रामनाथ गोएंका पुरस्कारांत पर्यावरण आणि विज्ञानाच्या वार्तांकनासाठी वेगळा विभाग आहे. पी. साईनाथ यांना २००७ साली मॅगसेसे मिळाले, ते पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादाच्या विभागात. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली; तेव्हा ते ९२ वर्षांचे होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. शिवाय ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या आसपास गल्लोगल्ली शाल-श्रीफळाचे कार्यक्रम असतातच. सन्मान होऊ नयेत असे कोण म्हणेल? प्रश्न आहे तो परीक्षकांच्या टेबलावर नेमके काय पोहोचते, याचा.

बहुतेक स्पर्धांत तिथे पोहोचते ती एक प्रवेशिका: एक लेख, एक मालिका, एक छायाचित्र, एक लघुपट. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे, जे दहा मिनिटांत पाहून होते आणि जे पाहणाऱ्याच्या काळजात घुसते, असे काहीतरी. पर्यावरणाचे प्रश्न मात्र असे घडत नाहीत.

लातूरची पाण्याची रेल्वे आठवून पाहा. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली. देशभरचे कॅमेरे फलाटावर होते, आणि ते चुकीचेही नव्हते. रेल्वेने पाणी प्यायला आणावे लागणे ही बातमीच होती. पण लातूरला पाणी देणारे मांजरा धरण त्या एप्रिलपर्यंत कोरडे पडले ते एका रात्रीत नाही. त्या खोऱ्यात ऊस किती वाढला, कारखान्यांना परवाने कुणी दिले, बोअर किती खोल गेले, धरणातले पाणी आधी कुणाच्या वाट्याला गेले, ही सगळी गोष्ट दोन-तीन दशकांत सरकारी फायलींत आणि शेतांच्या बांधांवर घडत होती. तिचा फोटो निघत नाही. ती सांगायची तर दरवर्षी तेच आकडे पुन्हा काढावे लागतात, त्याच अधिकाऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, आणि संपादकाचे ‘हे आपण मागे छापलंय ना?’ पुन्हा ऐकून घ्यावे लागते. लातुरातच राहून अतुल देऊळगावकर गेली कित्येक वर्षे मराठीत हे चिकाटीचे काम करीत आहेत. त्यांच्यासारखे लेखक आपल्याकडे मोजकेच का, याचे एक उत्तर आपण कौतुक कशाचे करतो यातही आहे.

आपल्या शहरातला कचराही असाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये, शहराचा कचरा जिथे टाकला जात होता त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर चौकाचौकांत कुजू लागले. तो कचरा मिटमिट्यात टाकायला नेला तेव्हा ७ मार्चला तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला, पोलीस आयुक्तांना रजेवर पाठवले गेले, आणि तेव्हाचे औरंगाबाद पहिल्यांदाच कचऱ्यासाठी देशभर गाजले. त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ नारेगावच्या लोकांच्या नाकात त्याच कचऱ्याचा धूर जात होता. तेव्हा ती आतल्या पानावरची दोन कॉलमी बातमी होती. कचरा आपल्या दारात आला तेव्हा ती पहिल्या पानावर आली. पुरस्कार देणाऱ्यांनी तरी या क्रमाला शरण जाऊ नये, इतकी अपेक्षा गैर नाही.

आणि पाण्याचे काय बोलावे! पैठणचा नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तरी अनेक वसाहतींत नळाला पाणी येते ते काही दिवसांच्या खंडाने. नव्या योजनेचा खर्च १६८० कोटींवरून २७४० कोटींवर गेला. दरम्यान खाम नदी शहराचे सांडपाणी घेऊन गोदावरीकडे वाहते. खामच्या पुनरुज्जीवनाचे काम रॉस सेंटरच्या शहरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, याचा अभिमान मलाही आहे. पण नदीकाठचा सुशोभित पट्टा आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे पाणी या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिली आपोआप छापून येते. दुसरीसाठी कुणाला तरी बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि तपासणीचे पैसे खिशातून भरावे लागतात.

इथे प्रायोजकांचा विषय निघतोच. ज्या उद्योगाच्या सांडपाण्यावर लिहायचे त्याच्याच लोगोखाली सन्मान स्वीकारायचा, हे अवघड होऊन बसते. मी याला लाच म्हणणार नाही. पण पुरस्कार घेऊन आलेला माणूस पुढच्या बातमीआधी क्षणभर थांबतो, आणि प्रायोजकाला तो क्षण पुरेसा असतो.

‘एवढे असेल तर पुरस्कार बंदच करा’, असे माझे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो, वर्षभर जाहिराती गोळा करतो आणि उरलेल्या वेळात बातमी देतो. गोदावरीच्या पात्रातल्या वाळूवर त्याने लिहिले तर रात्री फोन येतो. अशा माणसाच्या भिंतीवर एक सन्मानपत्र असेल तर फोन करणारा दोनदा विचार करतो, आणि मालकही त्याला सहज काढत नाही. नावाचे वजन ही एक ढाल असते. ती आज नेमकी ज्यांना सर्वांत कमी गरज आहे त्यांच्या हाती जाते: महानगरांतले, इंग्रजीतले, प्रवेशिका कशी भरायची हे जाणणारे.

हे शहर पत्रकारितेच्या बाबतीत अडाणी नाही. ‘मराठवाडा’ दैनिक आणि त्याचे संपादक अनंत भालेराव यांची परंपरा इथली आहे, आणि त्यांच्या नावे पुरस्कारही इथेच दिला जातो. मग मराठवाड्याच्या पाण्या-मातीवर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळा सन्मान इथूनच सुरू व्हायला हरकत नाही. त्यात एका लेखाची प्रवेशिका घेऊ नये. एकाच प्रश्नावर किमान तीन वर्षे छापून आलेल्या बातम्यांची कात्रणे मागावीत. परीक्षकांत एक तरी माणूस त्या गावचा असावा, म्हणजे धूर खरेच कमी झाला का, हे तो सांगेल. रक्कम रोख हाती न देता पुढच्या वर्षीच्या पाणी-तपासण्या, माहिती अधिकाराचे अर्ज, प्रवास आणि गरज पडली तर वकील यांसाठी ठेवावी. आणि ज्यांच्यावर बातमी होऊ शकते त्यांचा एक रुपयाही घेऊ नये, मग तो कारखाना असो की महापालिका.

असा निधी उभा करायला फार मोठी माणसे लागत नाहीत. इथली महाविद्यालये, वाचक मंडळे, डॉक्टर-वकिलांच्या संघटना यांनी मनावर घेतले तर पहिला सन्मान पुढच्या ५ जूनला देता येईल. कात्रणे जपून ठेवलेली माणसे तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांना शोधायला जायचे आहे, त्यांच्या अर्जाची वाट पाहायची नाही.