आपली टीम म्हणजे नेमकी कोणाची?

२२ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवा विरुद्ध अल नस्र अशी मॅच झाली. स्पर्धा होती एएफसी चॅम्पियन्स लीग टू. अल नस्र म्हणजे रियाधचा क्लब, म्हणजेच क्रिस्तियानो रोनाल्डोचा क्लब. अरबी समुद्राच्या त्या काठावरची श्रीमंत लीग आणि या काठावरची आपली इंडियन सुपर लीग, दोघी एकाच गटात. नकाशात पाहिलं तर शेजारीच. गोव्यातल्या कितीतरी घरांतला एखादा माणूस आखातात कामाला असतो, त्यामुळे हे शेजारपण नुसतं नकाशातलं नाही.

रोनाल्डो आला नाही. गटातल्या आधीच्या दोन मॅचही तो खेळला नव्हता, तरी लोकांनी आशा सोडली नव्हती. जोआव फेलिक्स आला, सादिओ माने आला. अल नस्रने २-१ अशी मॅच जिंकली. गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसने केला, पहिल्या हाफच्या शेवटाकडे. ब्रायसन गोव्याचाच पोरगा.

आता प्रश्न. समजा रोनाल्डो आला असता, आणि सात नंबरची पिवळी जर्सी घातलेल्या गोंयकार पोरांनी त्याच्या गोलवर स्टेडियम डोक्यावर घेतलं असतं, तर त्यांनी काही चूक केली असती का? कायद्याने नाही, हे उघड आहे. नैतिक अर्थाने विचारतोय. समोर आपली टीम हरत असताना दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवणं ही गद्दारी आहे का?

"गद्दारी काहून?" असं माझा एक मित्र लगेच म्हणतो. "तिकीट माझं, डेटा माझा, डोळे माझे. ज्याचा खेळ भारी, त्याला पाहीन." याला उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. कारण "आपली टीम" म्हणताना त्यातलं "आपली" कुठून आलं, हे आधी सांगावं लागतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरचा. नागपूर–भंडारा हायवेवर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्याभोवती क्वार्टर्स, असं आमचं गाव. बदलीवर आलेली माणसं देशभरातली. एका रांगेत बंगाली, दुसऱ्या रांगेत मल्याळी, मध्ये आम्ही पोहा-तर्रीवाले. पोट्टे सगळे एकाच ग्राउंडवर खेळायचे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यावरून शेजारच्या दोन घरांत दोन दिवस बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. त्यांच्याकडे टीम वडिलांकडून येते, आडनावासारखी. माझ्याकडे आलीच नाही. विदर्भात आयएसएलचा क्लब नाही. मुंबई आम्हाला नऊशे किलोमीटर लांब. हैदराबाद बरंच जवळ, पण तिथली भाषा वेगळी. मग माझी टीम कोणती? राज्यावरून ठरवू, अंतरावरून ठरवू, की भाषेवरून?

त्यात क्लब तरी कुठे एका जागी बसतात? पुण्याला एफसी पुणे सिटी होता. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबाद एफसीने मानोलो मार्केझ कोच असताना २०२२ मध्ये आयएसएल जिंकली, तीही याच फातोर्डावर. (हेच मार्केझ पुढे एफसी गोव्याचे कोच झाले, अल नस्रविरुद्ध तेच बेंचजवळ उभे होते.) २०२५ मध्ये हैदराबादचाही गाशा गुंडाळला आणि टीम दिल्लीला गेली, नवं नाव घेऊन. बालेवाडीला ज्यांनी भगव्या जर्सीत घसा कोरडा केला, त्यांनी आता दिल्लीसाठी ओरडायचं का? मालक सामान उचलून निघून जातो आणि निष्ठेची अपेक्षा मात्र प्रेक्षकाकडून. हा सौदा एकतर्फी आहे. म्हणून "जवळचा क्लब म्हणून पाठिंबा दे" हे कुणी कर्तव्य म्हणून सांगायला लागलं की मला पटत नाही.

आणि जवळ म्हणजे काय, हेही फसवं आहे. अमेरिकेतली मेजर लीग सॉकर आणि मेक्सिकोची लिगा एमएक्स यांची लीग्ज कप नावाची स्पर्धा आहे. २०२३ मध्ये तिचं रूप मोठं झालं, तेव्हा दोन्ही लीगचे मिळून ४७ क्लब खेळले आणि सगळ्या मॅच अमेरिका-कॅनडात झाल्या. मेक्सिकोच्या टीमला घरचं मैदान नाहीच. पण स्टँडमध्ये पाहावं तर हिरव्या, लाल जर्सीतले मेक्सिकन लोक, तिथेच राहणारे, तिथेच कर भरणारे. त्यांना कुणी विचारावं का, की ज्या शहरात राहतोस त्याची टीम तुझी, की आजोबांच्या गावची? न्यू जर्सीतला मराठी माणूस भारताच्या मॅचला निळी जर्सी घालतो तेव्हा आपण त्याला गद्दार म्हणत नाही, आपल्याला बरं वाटतं. मग गोव्यातल्या पिवळ्या जर्सीवाल्यालाच का टोचायचं?

पण माझ्या मित्राचं उत्तर पुरं पडतं असंही मला वाटत नाही. "ज्याचा खेळ भारी त्याला पाहीन" हे तत्त्व शेवटापर्यंत ताणून बघा. ज्याचा खेळ भारी तो नेहमी दुसरीकडेच असणार. २०२३ मध्ये सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने अल नस्रसह चार क्लबांचा ७५ टक्के हिस्सा घेतला. त्या पैशापुढे गोवा काय, अख्खी आयएसएल टिकत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये तर आयएसएल सुरूच झालेली नव्हती. फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला होता आणि हंगाम लटकला होता. ज्यांची स्वतःची लीग बंद, ते अल नस्रसमोर उतरले आणि एका गोलने हरले. गुणवत्ता हाच एक निकष ठेवला तर या गोष्टीत पाहण्यासारखं काही उरत नाही, आणि ते मला साफ चुकीचं वाटतं.

म्हणजे गरीब बिचाऱ्या टीमची दया करायची? तेही नको. दयेच्या टाळ्या खेळाडूला कळतात, आणि कुणाला त्या आवडत नाहीत.

मला वाटतं आपण प्रश्नच चुकीचा धरलाय. टाळ्या कुणाला, हा भाग खरंच ज्याचा त्याचा. रोनाल्डोच्या गोलवर ओरडा, मीही ओरडलो असतो. पण लक्ष देणं हे टाळ्यांहून वेगळं आहे. समोर माणूस जीव तोडून काही करतोय आणि आपण त्याच्यातून आरपार, न आलेल्या माणसाकडे पाहतोय, यात त्या माणसाचं काहीतरी देणं लागतो आपण. नव्वद मिनिटं तो तिथे आहे. त्याने काय केलं ते निदान आपल्याला माहीत असावं. दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरलं ते सगळं "रोनाल्डो का नाही आला" यावर. ब्रायसनचा गोल कसा झाला हे विचारलं, तर मॅच पूर्ण पाहिलेल्या दोघांना आठवेना. ते दोघे गद्दार नव्हते. ते तिथे नव्हतेच, इतकंच.

२०२३ मध्ये नवी मुंबईत हेच झालं होतं. मुंबई सिटीच्या गटात अल हिलाल आला, लोकांनी नेमारसाठी तिकिटं काढली, आणि त्याआधीच ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. ६ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई ०-२ ने हरली. पण त्याच मुंबई सिटीने २०२२ मध्ये रियाधला जाऊन इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं होतं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती पोरांना माहीत आहे? नेमारच्या हेअरस्टाइलची मात्र सगळ्यांना.

माझा मित्र यावर म्हणतो, "लक्ष काय मागून मिळतं का बे? खेळ चांगला करा, आम्ही बघू." अर्धं खरं आहे त्याचं. पण खेळ चांगला होतो तो कुणीतरी बघत असल्यामुळेही. आमच्या ग्राउंडवर संध्याकाळी एक पोरगी गोलकीपर म्हणून उभी राहते, पोट्ट्यांच्यात एकटी. परवा तिने एक पेनल्टी डावीकडे झेप घेऊन बाहेर काढली. कठड्यावर आम्ही सातआठ जण बसलो होतो. चौघांच्या हातात मोबाईल, त्यावर कुठल्यातरी लीगचे हायलाइट्स. तिने उठून गुडघ्यावरची माती झटकली आणि आधी कठड्याकडे पाहिलं, मग बॉल शोधायला गेली.