कोडें घालणाराचा शब्द

मागल्या महिन्यांत एका रविवारीं वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडवितांना आम्ही एकाच जागीं अर्धा तास अडलों. सूचना होती ‘पाणी’, घरें दोन. आडव्या शब्दानें शेवटचें अक्षर ‘य’ पुरविलें, तेव्हां जल, नीर, वारि हीं मंडळी बाहेर पडलीं आणि उरले दोघे : तोय व पय. पहिल्या घरास छेदणारा शब्दच नव्हता. आम्हीं ‘तोय’ लिहिलें. पुढच्या रविवारीं उत्तर आलें ‘पय’. आम्हांस राग आला, आणि एवढ्याशा गोष्टीचा इतका राग कां यावा याचें नवलहि वाटलें.

हरल्याचा राग तो खास नव्हे. आमच्या भाचीनें एकदां आम्हांस ‘उलटलेली नदी गरीब’ अशी सूचना घातली होती. महापूर, वाहून गेलेलीं घरें, सगळें आमच्या डोळ्यांपुढून गेलें. उत्तर निघालें ‘दीन’. नदीचीं दोन अक्षरें उलटीं वाचलीं कीं झालें! येथें आम्ही पुरते फसलों, तरी मनापासून हंसलों. मुलीनें वाट झांकली होती, पण वाट होती, आणि तिचा एकहि शब्द खोटा नव्हता. इंग्लंडांत ‘झिमेनीझ’ या टोपणनांवानें कोडीं रचणारे मॅकनट यांनीं १९६६ सालीं या कलेवर ग्रंथ लिहिला, त्यांतहि आग्रह हाच कीं, सोडविणाराची दिशाभूल खुशाल करावी, परंतु सूचनेचा अर्थ अखेर शब्दशः जुळलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, खेळच तो, त्यांत नीति कसली? पण उत्तर एकट्या कोडेकारासच ठाऊक, आणि सोडविणारास त्यास कांहीं विचारतां येत नाहीं. उत्तर विचारानें सांपडेल, एवढ्याच भरंवशावर तो आपला वेळ देतो. हा भरंवसा मोडला म्हणजे काय होतें तें मुंबईनें बक्षिसांच्या शब्दकोड्यांत पुरतें पाहिलें. ‘याच्या मागें धांवणारास सुख नाहीं’, शेवटचें अक्षर ‘न’, अशा धाटणीची सूचना घ्या. धन म्हणावें, मन म्हणावें कीं मान? तिन्ही तितकेच खरे. म्हणून लोक तिन्ही लिहून तिप्पट फी भरीत. सूचनेचा दोष हेंच तेथें धंद्याचें भांडवल! १९५५ च्या कायद्यानें अशा बक्षिसांस महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि १९५७ सालीं अशाच एका स्पर्धेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती जुगाराच्या स्वरूपाची ठरविली.

आमच्या रविवारच्या कोड्यास बक्षीस नव्हतें, तेव्हां आम्हांस न्यायालय मोकळें नाहीं. संपादकांस पत्र लिहिलें आहे. पोंच अद्याप नाहीं. भाची म्हणते, ‘मामा, पय म्हणजे दूधहि.’ असेल. ‘तोय’ आम्हीं अजून खोडलेलें नाहीं.