तळ्याकाठचा माणूस

बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी पडून राहिलेला मनुष्य योहानाच्या शुभवर्तमानामुळे आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तळे सर्वांना खुले होते. त्याला कोणी अडविले नव्हते. पाणी हलले की उचलून आत सोडणारे त्याचे कोणी नव्हते, एवढेच त्याचे गाऱ्हाणे. मग त्याच्यावर अन्याय झाला होता काय? आणि झाला असेल, तर तो कोणी केला?

बुलढाणा जिल्ह्याचा विचार करताना हाच प्रश्न आम्हांला छळतो. या जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यात दोन भाग आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. जिल्ह्याचे रुग्णालय घाटावर, बुलढाण्यास. आणि संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके खाली, पूर्णेपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. हा खारपाणपट्टा. मूत्रपिंडाच्या विकारांसाठी तो दुर्दैवाने ओळखला जातो. आणि एकदा डायलिसिस लागले की आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास आलाच.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एस. टी. विनामूल्य आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. तळे खुले झाले आहे! परंतु कार्डासाठी ओळख पटवावी लागते, आणि जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर कित्येकदा उमटतच नाहीत. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीसाठी पुन्हा आरोग्य केंद्राची वाट धरावी लागते. बस फुकट, पण पायरीवर हात कोण देणार? मुलगा पुण्याला नाही तर सुरतेला. २००७ च्या कायद्याने त्याच्याकडून निर्वाहखर्च मिळेल, सोबत मिळणार नाही.

सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून म्हातारी स्वतःच म्हणते, "राहू दे बापा, माह्यं वयच झालं आता." आपण ती तिची संमती समजतो. वस्तुतः तो तिने आपल्यावर केलेला उपकार असतो. तळ्यात आधी उतरलेल्यांनीही काही गुन्हा केला नव्हता. त्यांचे पाय धड होते, आणि त्यांनी मागे वळून पाहिले नाही, इतकेच. आमच्या मते अन्याय झाला तो तेथे.

१९९३ पासून ११ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, फळे वाटतो. सोमवारी घाट चढून जायला कोणाला सोबत हवी आहे, मग तो शेजारी आपल्या धर्मग्रामातला असो वा नसो, ही विचारणा मिस्सा संपल्यावर आम्ही अजून कधी ऐकलेली नाही.