होडीतला मैला आणि आपला शेजारी

शब्बाथशाळेच्या आठ-दहा मुलांना घेऊन आम्ही एकदा झुआरी नदीत भाड्याच्या लहान होडीने सहलीस गेलो होतो. होडीच्या मागच्या अंगाला गोणपाटाचा आडोसा, फळीला भोक आणि खाली पाणी. एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे जाते कुठे?" आम्ही म्हणालो, "समुद्रात. समुद्र मोठा आहे!" मुले हसली. पुढे ओहोटी लागली, आणि त्याच काठाला कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या वेचणाऱ्या बाया आम्हाला दिसल्या.

जहाजांच्या प्रदूषणाविषयी 'मार्पोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. शुद्ध न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या आत सोडू नये, असे त्याचे 2003 पासून अमलात असलेले चौथे परिशिष्ट सांगते. पण ते 400 टन व त्यावरील, किंवा 15 हून अधिक माणसे नेणाऱ्या जहाजांसाठी. आमची होडी त्यात कोठे बसणार?

मग जेथे तो नियम पोहोचत नाही तेथे दोषही नाही काय? एका होडीचा मैला तो केवढा! खोल समुद्रात तो पांगतो, हे खरे. खाडीत मात्र भरती तो परत आणते. तिसरी पाणी गाळून आपले अन्न मिळवते, आणि पाण्यातील रोगजंतू तिच्या पोटात साठतात. 1988 साली चीनमधील शांघाय शहरात सांडपाण्याने दूषित झालेल्या अर्धकच्च्या शिंपल्या खाऊन सुमारे 3 लाख लोकांना कावीळ झाली. अशा ठिकाणी कोणाचा वाटा किती हे कोणालाच मोजता येत नाही. आणि जो वाटा मोजता येत नाही तो आपला नाहीच, असे मन लगेच म्हणू लागते.

मंडळीच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण पवित्र शास्त्राला त्याची लाज वाटली नाही. अनुवादाच्या 23 व्या अध्यायात छावणीतील माणसाने आपल्या सामानात खणण्याचे हत्यार बाळगावे आणि आपला मळ आपणच पुरावा, असे सांगितले आहे. कारण परमेश्वर त्या छावणीतून फिरतो.

होडीत माती नाही, म्हणून मैला काठाला येईपर्यंत जपून ठेवावा लागतो. त्यासाठी मोठा खर्च नको. घट्ट झाकणाची बादली आणि लाकडाचा भुसा पुरतो. लघवी वेगळी ठेवली तर वास पुष्कळ कमी होतो. मोठ्या नावेत टाकी बसवतात, पण ती मैल्यापेक्षा धुण्याच्या पाण्यानेच लवकर भरते, म्हणून पाणी बेताने वापरावे. वासासाठी फॉर्मॅलिन ओतू नये. पुढे सेप्टिक टाकीत मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात.

आणि बादली रिकामी कोणी करायची? आपल्या देशात माणसाकडून मैला उचलून घेण्याविरुद्ध 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायदा करावा लागला. आपल्या कित्येक मंडळ्यांतील वाडवडिलांच्या डोक्यावर ती पाटी होती, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

पुढच्या सहलीला आम्ही बादली नेली. धक्क्याला लागताच ती उचलायला खलाशी पुढे झाला. आम्ही त्याला नको म्हटले. परंतु स्वतःचा हात पुढे करायला आम्हांला क्षणभर वेळ लागला, आणि तो मुलगा आमच्याकडेच पाहत होता.