नाथांच्या वाटेवरचा मुक्काम



आषाढी वारी म्हटले की आळंदी आणि देहूच्या वाटा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्या वाटांवर लाखोंचा समुदाय चालतो, मुक्कामाच्या गावी तंबूंचे नगर वसते, आणि अन्नदानाच्या मांडवांची तर गणतीच नसते. पैठणहून निघणारी श्री संत एकनाथ महाराजांची पालखीदेखील मानाच्या सात पालख्यांतील एक होय. तथापि तिची वाट शांत आहे. ज्येष्ठ वद्य पक्षात नाथांच्या पादुका पैठण सोडतात आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरीत पोहोचतात. साधारण अठरा-एकोणीस दिवसांची व सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाटचाल बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढते. रायमोहा, पाटोदा, पारगाव घुमरे ही गावे मागे टाकून ती दिघोळ, खर्डा, परांडा, कुर्डू, आरण, करकंब अशी पंढरीच्या दिशेने जाते.

या वाटेवर भव्य यात्रीनिवास नाहीत. मग वारकऱ्याने उतरावे कोठे, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: येथे गाव हीच धर्मशाळा आहे. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, एखाद्या माळकऱ्याच्या घराची ओसरी, शेतातील गोठ्याशेजारची झाडलेली जागा, यांवरच पिढ्यान्‌पिढ्या ही वारी चालत आली. पण एका वाक्यातील हे उत्तर जितके गोड, तितकेच जोखमीचे आहे. धर्मशाळेत उतरणाऱ्याला खोली मिळते. गावात उतरणाऱ्याला कोणाच्या तरी घागरीतील पाणी मिळते.

त्या घागरीची कथा भाविकांनी जाणून घ्यावी. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोदा परिसरातील डोंगरांतच उगम पावतात व पुढे गोदावरीस मिळतात. दूरदूरच्या शिवारांना पाणी पाठविणारा हा माथा स्वतः मात्र उन्हाळ्यात कोरडा पडतो. 1972 चा दुष्काळ येथील वृद्धांच्या बोलण्यातून अजून गेलेला नाही, आणि 2012 ते 2016 या वर्षांतील टंचाई तर तरुणांनीही सोसली आहे. पालखी येथे येते ती नेमकी मृगाच्या तोंडावर वा मृग लागल्यानंतर. विहिरीचा तळ उघडा पडलेला असतो, टँकरची वाट पाहिली जात असते, पेरणी आकाशावर अडून असते. अशा दिवसांत दारी आलेल्या वारकऱ्याच्या पायांवर जो गृहस्थ तांब्याभर पाणी घालतो, त्याने कशातून हात आखडून ते पाणी राखले, हे वारकऱ्यास दिसत नाही.

हा गृहस्थ बहुधा ऊसतोड कामगार असतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील लाखो हात मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ असे म्हणतात; दोन माणसांचे नाव एका अवजाराने घेतले जाते. पाचट व प्लास्टिकच्या कोपीत, परक्या गावाच्या शिवारात, त्यांचे पाच-सहा महिने जातात. मुलेबाळे कधी बरोबर, कधी आजीपाशी. उन्हाळ्यात ते परततात, आणि थोड्याच दिवसांत नाथांची पालखी येते. स्वतः अर्धे वर्ष परक्या भूमीवर मुक्काम करणारा माणूस ज्येष्ठात आपल्या घराचे दार वारकऱ्यासाठी उघडतो. मुक्कामाचे मोल त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

श्री नाथांच्या चरित्रातील दोन प्रसंग सर्वश्रुत आहेत. काशीचे गंगाजल कावडीतून रामेश्वरास नेत असता वाटेत तापलेल्या वाळूत तडफडणारे एक गाढव नाथांना दिसले, आणि देवासाठी आणलेले ते जल त्यांनी त्या मुक्या जिवाच्या मुखात घातले. कीर्तनांतून या प्रसंगावर भूतदयेचे निरूपण होते, ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. कावड अर्ध्या देशाची वाट तुडवून आणलेली होती, आणि गाढवाने पाणी मागितलेले नव्हते. तहान ज्याची त्याला सांगता येईलच असे नाही. ती पाहणाऱ्याने ओळखायची असते. दुसरा प्रसंग श्रीखंड्याचा. साक्षात भगवंत श्रीखंड्या होऊन नाथांच्या वाड्यात राहिले आणि बारा वर्षे कावडीने पाणी वाहत राहिले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पैठणच्या वाड्यातील तो रांजण नाथषष्ठीच्या काळात भाविक आजही पाण्याने भरतात. पहिल्या प्रसंगात देवाचे पाणी जिवाला मिळाले, दुसऱ्यात देवच जिवाचे पाणी भरू लागला. नाथांच्या वाटेवर चालणाऱ्याने पाणी हा विषय व्यवस्थेचा समजू नये, तो उपासनेचाच भाग आहे.

म्हणून या वाटेवर स्नान बादलीभर पाण्यात उरकावे. कपडे रोज धुण्याचा हट्ट सोडावा. हातपंपावर गावातील स्त्रिया उभ्या असतील तर वारकऱ्याने मागे थांबावे. माळ गळ्यात असली म्हणून रांगेत पुढे जाण्याचा अधिकार मिळत नाही. शौचासाठी उपलब्ध शौचालयाचाच वापर करावा, आणि ओढा, विहीर वा पाणवठा यांच्या जवळपास घाण करणे हे अन्नदात्याच्या ताटात माती टाकण्यासारखे समजावे.

दिंडीत चालणाऱ्याची चिंता तुलनेने थोडी असते. भिशी भरली की दोन वेळचे भोजन, सामानाची गाडी आणि तंबूतील जागा यांची तजवीज दिंडीकडे असते. विणेकरी, चोपदार यांची शिस्त पाळली म्हणजे झाले. खरा विचार करावा लागतो तो तिथी सोडून, एकट्याने वा दोघातिघांनी ही वाट चालणाऱ्यांना. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे शास्त्र सांगते. त्या अर्थाने पालखी ही अतिथी नव्हेच. तिची तिथी गावाला पाठ असते, पिठाची दळणे आधीच झालेली असतात. अवचित येणारा एकटा पांथस्थ हाच खरा अतिथी, आणि म्हणूनच गावावर त्याचा भार अधिक पडतो.

त्याने पहाटे अंधार असतानाच निघावे, ऊन चढण्यापूर्वी दुपारचा विसावा गाठावा आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामाच्या गावी पोहोचावे. रस्ता रुंद झाला असला तरी वाहनांचा वेगही वाढला आहे, म्हणून अंधारात विजेरी व चमकणारी पट्टी जवळ असावी. गावात शिरताच कोणाचे दार न ठोठावता प्रथम मारुतीच्या पारावर बसावे. पुजारी, पोलीस पाटील किंवा सरपंच यांच्याशी बोलून आपले नाव, गाव, कोठून निघालो व कोठे जाणार ते सांगावे. ओळखपत्र मागण्याआधीच पुढे करावे. अनोळखी माणसाविषयी गावाला शंका वाटली तर तो अपमान मानू नये. शाळेत उतरायचे झाल्यास मुख्याध्यापकांची अनुमती घ्यावी आणि सकाळची प्रार्थना सुरू होण्यापूर्वी व्हरांडा झाडून मोकळा करावा. स्त्रियांनी शक्यतो सोबतीनेच चालावे व माळकऱ्याच्या कुटुंबात उतरावे.

पाटोदा हे तालुक्याचे ठिकाण असल्याने तेथे बाजारपेठ, एस.टी. बसस्थानक आणि ग्रामीण रुग्णालय आहे. औषधे, पायताणे, रोख सुटे पैसे यांची सोय तेथेच करून घ्यावी. तातडीच्या वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. मात्र घाटात मोबाईलला सर्वत्र संपर्क मिळेलच या भरवशावर राहू नये. पायाला फोड आलेले असताना हट्टाने चालू नये. एक टप्पा एस.टी.ने गेल्याने वारी मोडत नाही. 2020 आणि 2021 मध्ये महामारीमुळे संतांच्या पादुकाच बसमधून पंढरीस गेल्या होत्या. परतीसाठी कुर्डुवाडी हे रेल्वे जंक्शन सोयीचे आहे.

भोजनाचे मोल कसे द्यावे, हा नाजूक विषय. गृहस्थाच्या हातावर पैसे ठेवले तर तो बहुधा दुखावतो. देवळाच्या पेटीत टाकावे, घरातील मुलांसाठी वह्या द्याव्यात, किंवा किराणा दुकानातून शेर-दोन शेर डाळ-तांदूळ घेऊन माउलीच्या स्वाधीन करावे. भाकरी व पिठले हे ताटात आले तर भाजीची विचारणा करू नये. उपवासाच्या दिवशी विशेष फराळाची अपेक्षा तर मुळीच ठेवू नये. भगर, शेंगदाणे आपल्याच पिशवीत असावेत.

दानशूर भाविकांसाठी येथे दोन शब्द स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. कळसासाठी, प्रभावळीसाठी, पालखीच्या चांदीसाठी देणगी सहज जमते. वाटेवरच्या एखाद्या छोट्या देवळाच्या पन्हाळीखाली पाण्याची टाकी बांधण्यास मात्र दाता शोधावा लागतो, कारण त्या टाकीवर नाव वाचायला कोणी येत नाही. ज्यांना नाथांच्या वाटेची सेवा करावयाची आहे त्यांनी छतावरील पावसाचे पाणी साठविणारी टाकी, दरवाजाला आतून कडी असलेले स्त्रियांचे शौचालय, सभामंडपातील दिवा, वाटेच्या कडेने लावलेली व तीन उन्हाळे पाणी घालून जगविलेली वड-पिंपळ-लिंबाची झाडे, यांपैकी काहीही आपले समजावे. रोप लावणारा पुष्कळ मिळतो. तिसऱ्या उन्हाळ्याचे पाणी घालणारा मिळत नाही. म्हणून झाडाची देणगी ही रोपाच्या किमतीची न देता तीन वर्षांच्या राखणीची द्यावी, आणि ती राखण त्याच गावातील माणसाकडे सोपवावी, म्हणजे एखाद्या तरी घरात त्या मजुरीचा आधार होईल. दान देण्यापूर्वी ग्रामस्थांना विचारावे. गावाला हातपंपाची दुरुस्ती हवी असताना कमान उभारून येऊ नये.

पंढरीच्या अलीकडे आरण येते. तेथे श्री सावता महाराजांची समाधी आहे. मळ्याचे काम सोडून ते पंढरीस गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीस मळ्यात आला, अशी कथा आहे. बालाघाटावरील जो गृहस्थ पालखीला निरोप देऊन वाफशाची वाट पाहत बांधावर उभा राहतो, त्याच्या घरी मुक्काम केलेल्या वारकऱ्याने आरणच्या समाधीवर माथा टेकताना त्याचेही नाव घ्यावे. मुक्काम सोडताना ते नाव विचारून घेण्यास विसरू नये. अंथरलेली सतरंजी घडी करून ठेवावी, पत्रावळी व कागद एकत्र करून खड्ड्यात पुरावेत, चुलीतील विस्तव विझल्याची खात्री करावी. आणि उतरल्या जागी रांजण असेल व गावात आदल्या दिवशी पाणी आले असेल, तर निघण्यापूर्वी तो भरून ठेवावा.